निजलेल्याला हाक

बाहीचं तोंड मी शिवून बंद केलं तेव्हा मी झोपलेली होते. शहापूरच्या बाजारात माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक आरसा, मोटर लावलेलं मशीन आणि खिळ्यांना टांगलेली लोकांची ब्लाउजं. समोर स्टुलावर शाळेतल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांना संध्याकाळी हळदीला जायचं होतं म्हणून हातासरशी बाही लावून द्यायची होती, आणि तोवर त्या मला आपल्या जावेचं काहीतरी सांगत होत्या. जाऊ शेवटी काय म्हणाली ते राहूनच गेलं. माझी मान खाली गेली, पाय पेडलवर तसाच राहिला आणि मशीन आपलं चालत राहिलं, अगदी सरळ, मी जागी असताना घालते त्याहून सरळ टीप घालत. हात आत जाणार तिथे बाही आरपार बंद. मी जागी झाले ती कुणीतरी दारात ट्रक चालू केला म्हणून, आणि ट्रक मीच होते. बाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला वाटलं हसतायत. त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, "भागीताई, अहो तुमचा श्वास थांबला होता. घोरता घोरता एकदम बंदच. मी हलवणार होते तुम्हाला, पण माझाच हात उचलेना."

मी काहीतरी बोलले, चहा मागवला, आणि उसवायला बसले. उसवणं मला शिवण्याच्या आधी आलं. शाळा चौथीपर्यंतची, बाकीचं सगळं असंच उसवून शिकलेलं. लोकांची जुनी ब्लाउजं टाका टाका सोडवायची, तुकडे जमिनीवर मांडायचे आणि बघायचं की आतून माणूस कसं बेतलेलं असतं. त्या दिवशी बाही उसवताना मात्र लक्ष टाक्यांवर नव्हतं. घोरते हे मला ठाऊक होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नवरा, किशोर, आधी माझ्याकडे पाठ करून झोपायचा, मग कानात कापूस घालून, मग बाहेरच्या खोलीत. दिपालीने, म्हणजे आमच्या मुलीने, माझं घोरणं मोबाइलवर भरून घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, खाली लिहिलं होतं, 'आमच्याकडे जेसीबी भाड्याने मिळेल'. मीही हसले होते. पुरुष घोरला की दमला बिचारा म्हणतात, बाई घोरली की तिचा विनोद होतो, आणि विनोद झाला की बाईने हसायचं असतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण थांबणं? घोरणं माझं होतं, हे थांबणं कुणाचं होतं? इतकी वर्षं सकाळी उठल्यावर डोक्यात ओली वाळू भरल्यासारखं व्हायचं, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता डोळा लागायचा, आणि मी म्हणायचे, वय झालं. वय झालं हे फार सोयीचं वाक्य आहे. त्याच्यात काहीही गुंडाळून ठेवता येतं.

कल्याणच्या डॉक्टरने अंगाला वायरी लावून मला घरी झोपवलं आणि नंतर कागदावरचे डोंगर दाखवले. म्हणाला, "तुम्ही झोपत नाही बाई. तुम्ही बुडता आणि वर येता, बुडता आणि वर येता. रात्रभर." घशात टॉर्च मारून म्हणाला, टॉन्सिल आवळ्याएवढे झालेत, पडजीभ लोंबतेय, मागचा पडदा सैल पडलाय. टॉन्सिल काढू, पडदा ताणून शिवू. शिवू म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. धंद्यातला माणूस वाटला. मग तो म्हणाला, घरात कुणाला होतं का असं, आणि मी म्हटलं, माझ्या बापाला. बा लखमा, मुरबाडच्या पुढे डोंगराकडच्या आमच्या वाडीतला. त्याचं घोरणं ओढ्यापलीकडे ऐकू जायचं. भाताच्या कापणीत दुपारी ओट्यावर निजला आणि निजल्या जागीच गेला. सगळी वाडी म्हणाली, देवमाणूस होता, झोपेत गेला. मीही म्हणत आले, झोपेत गेला, जसं काही झोप म्हणजे गाव आहे आणि बा तिथे राहायला गेला. डॉक्टरने टॉर्च बंद केली.

आईला सांगायला मी वाडीवर गेले, त्या दिवशी ती अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसली होती. आईचं नाव सावळी, आणि ती आहे गोरीपान. हातातली शेंग तशीच धरून तिने ऐकून घेतलं.

"कापायचा म्हंजे? गळा?"

"गळा नाय गो. आतलं. मंग घोरणं बंद होईल."

"बंद कशाला करतंस? घोरतंस तर घोर. कुनाच्या बापाचा जाताय?"

"माझ्याच बापाचं आहे," मी म्हटलं. "त्याच्याकडनं तर उचललंय."

हसावं म्हणून म्हटलं होतं. आई हसली नाही. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "माज्या घरात निजायला येशील तर घोरत ये. मुकी निजायला येऊ नको." आणि आत गेली ती चहा टाकायलाही बाहेर आली नाही. परतताना मी स्वतःशी सगळं जुळवून टाकलं. मला जुळवता येतं, तोच धंदा. बा गेल्यापासून मी माहेरी गेले की आई आपली वाकळ माझ्या वाकळेला चिकटवून घालायची. किशोर म्हणायचा, जगात एकच बाई आहे जी तुझ्याजवळ हौसेने झोपते. मला वाटलं, माझ्या घशात तिला नवरा ऐकू येतो. तेवढाच उरलाय, आणि तोही मी कापून टाकायला निघालेय. बसच्या खिडकीतून रिकामी खाचरं मागे जात होती आणि मला आईचा राग आला होता आणि तिची दयाही, आणि दोन्ही मिळून मला फार शहाणं वाटत होतं.

ऑपरेशनचं मला काहीच सांगता येणार नाही, मी नव्हते तिथे. नंतरचं मात्र सांगू शकते. नंतर घसा नावाची जागा संपते आणि गिळणं नावाचं काम सुरू होतं. आपण दिवसभर किती गिळतो हे माणसाला ठाऊक नसतं, थुंकी सुद्धा एक जेवण आहे. पाण्याचा घोट घ्यायचा म्हणजे आधी मनाची तयारी, पाय जमिनीला टेकवायचे, मुठी वळायच्या, आणि घोट खाली जाताना दुखायचं घशात नाही, कानात. कधी पाणी खाली जायचंच नाही, नाकातून बाहेर यायचं. जांभई आली तर डोळ्यांतून पाणी. आत पांढरे पापुद्रे धरलेले, तोंडाला शिळ्या पाण्याचा वास. किशोर रोज आइस्क्रीम आणायचा, मला दोन चमचे जायचं, उरलेलं तो माझ्या तब्येतीसाठी खायचा. दुकानाच्या बाया घरी यायच्या. मी बोलत नाही म्हटल्यावर त्या मला बहिरी समजून मोठ्याने बोलायच्या. "गळाऽ मोठा ठेवाऽ," असं एक जण माझ्या कानाशी ओरडून गेली, आणि मी मान हलवली, तिचा गळा की माझा हे न विचारता.

हे सगळं सोसण्यासारखं होतं. सोसत नव्हती ती झोप. पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपायचं, आणि डोळा मिटला की खाली एक काळं पाणी. डॉक्टरने म्हटलं होतं ना, बुडता आणि वर येता. वर यायचे ती त्या घोरण्याने. तो आवाज म्हणजे माझा दोर होता. आता दोर कापलेला, आणि बुडाले तर वर कशाने येणार? डॉक्टर तपासून म्हणाला, रस्ता मोकळा आहे, हवा छान जातेय. मी ऐकलं, मान हलवली, आणि घरी येऊन डोळे उघडे ठेवले. पंखा, फ्रिजची घरघर, शेजारच्या टीव्हीतलं रडणं. जागी राहून राहून मी इतकी दमले की भिंत हलायला लागली. आईचा फोन नाही. किशोर म्हणाला, "तुझी आई माझ्याशी पण बोलत नाय. आता डॉक्टरने परवानगी दिलीय तर जा चार दिवस. दोघी मुक्या बसा समोरासमोर." दिपालीने मुरबाडच्या दवाखान्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये घातला, रक्त आलं तर काय करायचं ते मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं, आणि मैत्रिणीच्या भावाच्या गाडीतून मला सोडायला निघाली. शेणवा गेलं, किन्हवली गेलं, सरळगावला वळलो. रस्ताभर ती बोलत होती आणि मी ऐकत होते. ऐकताना मला कळलं की ती थेट माझ्यासारखी बोलते, मध्ये श्वास न घेता.

आईने मला दारातच धरलं. हनुवटी वर करून, उन्हाकडे तोंड वळवून म्हणाली, "आ कर." शेळी विकत घेताना बघावं तसं तिने आत बघितलं. "राख भरल्यासारखा दिसताय," एवढंच म्हणाली, आणि तांदळाची पेज टाकली, आणि ती थाळ्यात ओतून, थाळा हलवून हलवून गार केली. माझ्याशी बोलली असं नाही. ती पेजेशी बोलत होती. शेजारची रखमी बघायला आली. "बोलत नाय ही? बरा झाला गो. तुजा जावई नारळ फोडील." आई म्हणाली, "फोडू दे, खोबरा आमाला पाठव म्हनावा." मी हसले आणि हसणं कानापर्यंत चरचरत गेलं.

दुपारी मी ओट्याशेजारच्या खोलीत टेकले. बाहेर कोवळं थंडीचं ऊन, झोडलेल्या भाताचा वास, कोंबड्या. त्या वासात अंग सैल पडलं, आणि डोळा लागतो न लागतो तोच आईची हाक आली, "भागेऽ." हात न लावता, लांबून, उंबऱ्यात बसून. आमच्या वाडीत निजलेल्या माणसाला हलवत नाहीत. निजला की जीव बाहेर पडतो, रानात फिरतो, असं म्हणतात, अंग हलवलं तर त्याला परतायची वाट सापडत नाही. म्हणून लांब बसायचं आणि नावाने हाक मारायची, हळू, तो हाकेच्या मागाने घरी येतो. शाळेला उशीर झाला तरी आई आम्हाला असंच उठवायची. मी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. तिला काहीही नको होतं. ती पाखडत बसली. मी पुन्हा मिटले. पुन्हा, "भागेऽ." पुन्हा काही नको. दुसऱ्या दिवशीही तेच. झोप काठाशी यायची आणि ही तिला दगड मारून उठवायची. मी वाटीवर चमचा आपटून माझा संताप सांगितला. मुक्या माणसाला संताप करायला भांडी लागतात. मला वाटलं, सूड घेतेय. घोरत नाहीस ना, मग झोपूही नको. मनात मी तिला इतकं बोलले की घसा असता तर पुन्हा फाटला असता.

तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी उठून तिच्यासमोर जाऊन बसले आणि दोन्ही हात पसरले. काय, काय हवंय तुला? आईने सूप थांबवलं नाही. तांदूळ वर उडत होते, खाली पडत होते, आणि ती त्यांच्याकडे बघून बोलली.

"तू मधी बोलनार नायस म्हनून सांगते. तुजा बा अशाच दुपारी निजला व्हता. इथंच. मी अशीच पाखडीत व्हते. घोरत व्हता, घोरत व्हता, मंग थांबला. मला वाटला, लागली बरी झोप. दमला व्हता गो, चार दिस कापनी. रखमी बोंबलत आली तिला मी गप केली. कोंबड्या हाकलल्या. लागू दे झोप म्हटला. हलवायचा तर नसतंच. पन हाक? हाक तरी मारायची ना मी. दिस कलला तवा मारली."

सूप चालूच होतं. त्यात आता तांदूळ उरले नव्हते, ते सगळे बाहेर सांडले होते.

माझ्या डोक्यात सगळ्या शिवणी एकदम सुटत होत्या. चिकटवून घातलेली वाकळ. मी माहेरी निजलेली असताना मध्येच डब्यांचा आवाज व्हायचा, तांब्या पडायचा, मी दचकून कूस बदलायचे आणि म्हणायचे, म्हातारीला आता हातात काही धरवत नाही. तांब्या पडत नव्हता. माझं घोरणं थांबलं की ती तो पाडायची. हाक मारायची तिची हिंमत नव्हती. हाकेला उत्तर न येणं तिने एकदा ऐकलं होतं. आता मारत होती ती माझा डोळा पुरता लागायच्या आतच, उत्तर येईल अशा वेळी. आणि मी त्या सगळ्याचं काय केलं होतं, तर बसमध्ये बसून एक गोड गोष्ट बेतली होती, आईला नवरा ऐकू येतो म्हणून. तिला नवरा ऐकू येत नव्हता. तिला तो थांबलेला ऐकू येत होता. मी तिच्या घरी आले होते ती नेमका तो थांबलेला आवाज घेऊन, निजेन तेव्हा गप्प, बासारखी गप्प, आणि तिला म्हणत होते, बघ, मी बरी झाले.

मी तिचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. तिने ओढून घेतला. मी पुन्हा ठेवला. "जागी हायस तवर ठेवते," ती म्हणाली. मी नाकाने श्वास घेतला. खरं सांगायचं तर तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं की हवा आत जाताना आता कुठे अडकत नाही, उघड्या खिडकीतून यावी तशी येते आणि जाते. पोट वर गेलं, हात वर गेला. पोट खाली आलं. आई बघत राहिली. मुलगी बघायला आलेले लोक मुलीच्या चालण्याकडे बघतात तसं, खोट निघते का म्हणून. मग मी तिथेच तिच्या मांडीजवळ आडवी झाले, डोकं उशांवर, तिचा हात तसाच. निजलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हे तिला आठवत असणारच. तरी हात निघाला नाही. काळं पाणी आलं. त्याच्यावर तो हात होता, भाताच्या कोंड्याने खरखरीत, आणि मी खाली गेले.

"भागेऽ."

मी फार लांबून आले. आणि डॉक्टरने थोडं बोला म्हटलेलं असूनही इतके दिवस जपून ठेवलेला आवाज माझ्या तोंडून निघाला, "हाय."

नाकातला, फाटका, मला स्वतःला न ओळखू येणारा. कानात सुई गेल्यासारखं दुखलं. आई माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा मी सांगणार नाही. ती म्हणाली, "कसला गो आवाज. मडक्यातनं बोलल्यासारखा." आणि मग, "निज मंग."

त्यानंतर आमचं हेच चाललं. ती हाक मारायची, मी म्हणायचे हाय, ती म्हणायची निज. बाकी दिवसभर आम्ही फारसं काही बोललो नाही. रखमी उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "ह्या काय गो माय-लेकी, पोपट पाळल्यासारख्या?" पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की हाक येते तेव्हा भिंतीवरचं ऊन आधीपेक्षा पुढे सरकलेलं असतं. मला स्वप्नं पडू लागली होती, ती कित्येक वर्षांत पडली नव्हती. एकात मी एक भलंमोठं कापड उसवत होते आणि ते संपत नव्हतं आणि मला घाई नव्हती. पापुद्रे सुटले. पेज जरा जाड झाली. एकदा आईने तिच्यात चिमूटभर मीठ जास्त घातलं आणि मला चव कळली. मीठ! मी वाटी पुसून खाल्ली. ती म्हणाली, "डाक्टर काय शिवून देतो, अक्कल देत नाय, हळू खा." पण पुढच्या वेळी तिने भाताची शितं ठेचून घातली.

आणि मग एका दुपारी मी जागी झाले, तर हाकेने नाही. जाग आपोआप आली, पिकलेलं फळ गळावं तशी. भिंतीवर ऊनच नव्हतं. खोलीत मावळतीची करडी सावली पसरलेली. डोकं हलकं, इतकं हलकं की क्षणभर वाटलं, विसरलेय मी काहीतरी. कान टवकारले. हाक नाही. पोटावर हात नाही. उंबऱ्यात सूप भिंतीला टेकून ठेवलेलं, आई नाही. धस्स झालं. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. इतका वेळ मला निजू दिलं, म्हणजे हिला काही झालं. उठले, दाराचा आधार घेत बाहेर आले.

आई अंगणाच्या टोकाला, कुंपणापाशी उभी होती, पाठमोरी. पलीकडे रखमी डोक्यावर लाकडाची मोळी तशीच घेऊन उभी, आणि आई हातवारे करत तिला कुणाच्या तरी सुनेचं सांगत होती, चांगली मोठ्याने, मला झोप लागलीय वगैरे काही मनात न आणता. कोंबड्या तिच्या पायांत घुटमळत होत्या आणि ती त्यांना हाकलतही नव्हती. रखमीने मला बघून खूण केली. आईने मान वळवली.

"उठलीस?" ती म्हणाली. कुणालाही म्हणावं तसं. "चुलीवर पानी हाय, तोंड धू."

"हो," मी म्हटलं, त्या मडक्यातल्या आवाजात.

आणि ती पुन्हा रखमीकडे वळली, "कुठं व्हते मी?" म्हणाली, आणि सुनेची गोष्ट पुढे चालू केली. माझ्याकडे परत वळून बघितलंही नाही.